घालणाऱ्याची उजवी बाजू

शनिवार, ७ तारीख

चिमणे,

तर सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? इस्त्रीवाली! दुसरं कोण? माझ्या दाराशी कुणाचं पाऊल वाजायच्या आत तिचं नाक आत येतं, ते तू असतानाही तसंच होतं. "मावशी, कुणी येणार होतं का गं? कोपऱ्यावर एक चष्मा लावलेला माणूस घर विचारतोय, बरोबर एवढीशी पोर. पोरीचं कपाळ अगदी तुझ्यासारखं, चादर वाळत घालता येईल एवढं." मी म्हटलं, बाई, माझ्याकडे कोण येतंय, वाट चुकला असेल. आणि म्हणता म्हणता हातातला कप सांडला. डाव्या हातातला. उजव्यात तर आता कप राहतच नाही.

तिच्या मागोमाग आपल्या चर्चचे पाळकसाहेब आणि पाळकबाई. माणसं देवासारखी, पण आजाऱ्याला भेटायला येताना चेहरा अगोदरच पुरायला आल्यासारखा करून येतात. पाळकबाईंनी तुला कळवलं, ते मला त्यांनी आत्ता सांगितलं. तुझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, पाय ओढत चालते, असं लिहिलं म्हणे. सगळं खरं आहे. पण तोंड शाबूत आहे, हे लिहायचं त्या विसरल्या असतील, म्हणून मी लिहिते.

आणि मग तुझा नवरा दारात. अकरा वर्षांनी बघितला. चष्म्याच्या दुकानात राहून माणूस स्वतःच काचेसारखा झालाय, धक्का लागला तर फुटेल. "आई, आत येऊ का?" एवढंच म्हणाला. आई म्हणाला, बरं का. मी खुर्ची दाखवली. तुझं विचारलं नाही. तू घड्याळं दुरुस्त करतेस, कामं साचलीत, एवढं त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सांगितलं. माझं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, तेही सांगितलं.

तुझी मुंगी मात्र थेट टेबलाशी जाऊन चित्र काढायला बसली. नाव विचारलं तर म्हणाली, मला मुंगी म्हणतात, कारण मी सगळं हळू करते पण करते. आठ वर्षांची पोर! बघते तर पेन्सिल डाव्या हातात. माझ्या जिभेवर शब्द आला. तोच, तुला माहीत असलेला. चिमणे, मी तो गिळला. प्रभूची शपथ... शपथ वाहायची नसते, तर नुसतं खरं म्हणते.

तिने माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. "आजी, तुझा कुठला हात झोपलाय?"

"उजवा गं."

"म्हणजे तू आता आमच्यातली!" असं म्हणून माझ्या डाव्या मुठीत पेन्सिल खुपसली. जसं काही मला बढती मिळाली!

तर हे पत्र त्या हाताचं आहे. शनिवारी सुरू केलं, आज मंगळवार. तारीख आता कोण खोडत बसतंय. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आलीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला चांगल्या हातानेही जमलं नव्हतं. माझी शाळा तिसरीपर्यंत, पुढचं जे वाचायला शिकले ते पवित्र शास्त्रातून, मोठ्या टायपातून.

तुला त्या पट्टीबद्दल काही... ते जाऊ दे. कागद संपला.

तुझी आई


गुरुवार, १९ तारीख

चिमणे,

कागद संपला नव्हता. पाठची बाजू कोरी होती, हे मुंगीने गेल्या शनिवारी सांगितलं. म्हणजे माझं पत्र तुझ्या घरात वाचलं जातं. तुझ्या नवऱ्याला मी हळूच विचारलं, ती वाचते का? तो म्हणाला, "वाचते. बोलत नाही त्यावर. पण चादर वाळत घालायच्या कपाळाशी आली तेव्हा भिंगाआड हसत होती." दोन दिवस मला जेवण गोड लागलं.

आता माझी खबर ऐक. मी कामाला लागले! तुला वाटेल काय ही थाप. अगं, शिंपीमास्तर आले होते विचारायला, बरं आहे का म्हणून, आणि निघताना नजर माझ्या सुयांच्या डबीवर. त्यांच्याकडे शर्ट, कोट सगळं यंत्रावर होतं, पण हाताची काजं म्हणजे मीच. चाळीस वर्षं मी माणसांच्या छातीवर भोकं पाडली आणि कुणी तक्रार केली नाही! मास्तर म्हणाले, "आजी, आता दुसरी बाई बघावी लागणार." मी म्हटलं, बघा खुशाल, पण आधी एक चिंधी ठेवून जा.

झटका आल्यावर पहिले दोन महिने मी प्रभूशी रोज सकाळी भांडत होते. तुला चोरून काय सांगायचं. म्हणायचे, घ्यायचाच होता तर पाय घ्यायचास, जीभ घ्यायचीस (इस्त्रीवाली म्हणाली असती, उपकार झाले), हात कशाला? माझी तर सगळी मिळकत त्या पाच बोटांत. उजवा हात दे, उजवा हात दे, एकच घोशा. आणि त्याने काय केलं? डाव्या हाताची नात पाठवली. त्याची ही जुनी खोड आहे. मागावं एक, तो देतो त्याच्या शेजारचं, आणि आपण ओळखेपर्यंत गप्प बसून गंमत बघतो.

तर चिंधीवर काज करायचं कसं? एका हाताने सुई, मग कापड धरणार कोण? पहिल्या दिवशी दातांत धरलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली तिची जुनी इस्त्री घेऊन आली, ती लोखंडाची, उचलताना देव आठवतो ती. कापडाच्या एका टोकावर ती इस्त्री ठेवली. दुसऱ्या टोकावर काय ठेवू, काय ठेवू, आणि लक्षात आलं की माझ्याकडे आणखी एक वजन आहे. उजवा हात उचलला आणि ठेवला कापडावर. काय बसलाय सांगू, जावई बसावा तसा! हलत नाही, बोलत नाही, पण कापड धरून ठेवतो. मी म्हटलं, बाबा, तूही कामाचा निघालास.

पहिलं काज मुंगीने बघितलं. "आजी, हे उंदराने खाल्लंय का?" म्हणाली. पाचवं बघितलं आणि म्हणाली, "हे छोट्या उंदराने." बाराव्याला तिने काहीच म्हटलं नाही, नुसतं त्यातून बोट घातलं आणि माझ्याकडे बघून हलवलं. माणसाला "डाव्या हाताचा मळ" म्हणायला काय जातं, एकदा मळून बघा म्हणावं!

आता मोठी बातमी. पाळकसाहेबांचा उपासनेचा नवा झगा शिवतायत, काळा, पुढून गळ्यापासून पोटापर्यंत बटणं, बारा काजं. ते काम मास्तरांनी माझ्याकडे दिलंय. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, एकोणतीसला घालायचाय.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाई मंगळवारी येतात. त्यांनी एक भलताच व्यायाम सांगितलाय. तो काही मी करणार नाही. कुठला, ते विचारू नकोस.

तुझी आई


रविवार, २९ तारीख

चिमणे,

हसून हसून पोट दुखतंय आणि रडूनही. कुठून सुरू करू.

शुक्रवारी मी झगा दिला. बाराच्या बारा काजं, एकेक टाका मोजून घ्यावा असा. मास्तरांनी खडूची खूण करायच्या आत मी सुरू केलं होतं, मला धीर कुठला. डाव्या हाताने शिवायचं म्हणून कापड उलटं फिरवून मांडलं होतं. मास्तरांनी घाईत दुसऱ्या बाजूला बटणं लावली, इस्त्रीवालीने इस्त्री केली, पाळकबाईंनी घडी उचलून नेली. एवढी चार शहाणी डोकी, एकाच्याही लक्षात आलं नाही!

आज उपासनेला मी पुढच्या बाकावर. मुंगी आणि तिचा बाप काल आले ते राहिले होते, तेही शेजारी. पाळकसाहेब बाहेर आले, उभे राहिले, आणि हात सारखा गळ्याशी. वरचं बटण सुटलेलं आणि ते लावता येईना. उजव्या हाताने चाचपतायत, डाव्याने चाचपतायत. पहिलं गीत झालं, दुसरं झालं, बटण सुटलेलंच. मास्तर माझ्या मागच्या बाकावर. माझ्या कानात वाकून म्हणतात कसे, "आजी, हा झगा पाळकसाहेबांचा की पाळकबाईंचा?"

बघितलं तर काय! पुरुषाचं काज त्याच्या डाव्या बाजूला असतं, बाईचं उजव्या. मी बाराच्या बारा उजवीकडे केलेली. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, आणि माझा आवाज तुला माहीत आहे. सगळी मंडळी वळली. पाळकसाहेबांनी खाली बघितलं, वर बघितलं, त्यांना कळलं. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. तर ते हसले! म्हणाले, "आज बारा वेळा आठवण राहील, की आमच्या आजींचा हात परत आला. जरा वेगळ्या रस्त्याने आला, एवढंच." आणि पाळकबाई उठून पुढे गेल्या आणि त्यांनी लेकराला लावावं तसं ते बटण लावून दिलं. सगळं देऊळ हसलं. बाजा वाजवणारा सूर चुकला.

मीही हसत होते.

तेवढ्यात मुंगी कुजबुजली, "पण आजी, मला तर ती काजं डावीकडे दिसतायत."

मी म्हटलं, "तुला समोरून दिसतात गं. आपली डावी ती त्यांची उजवी. कपड्याची बाजू नेहमी घालणाऱ्याची धरायची, बघणाऱ्याची नाही." हे मी शिकाऊ पोरींना चाळीस वर्षं पढवलं. झोपेत विचारलं तरी सांगेन.

आणि तिथेच बसल्या जागी माझ्या डोक्यात उजेड पडला, बाई. आता तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही.

तू चार वर्षांची होतीस. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी वचन वाचलं होतं, शेवटच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना आग. मी घरी आले तर तू डाव्या हाताने बशीत पाणी ओतत बसली होतीस. मला वाटलं, माझं लेकरू त्या बाजूचं जन्माला आलं. लोक हसतील, नवरा मिळणार नाही, ही भीती नव्हती मला. लोकांना मी कधी भ्यायले? मी आगीला भ्यायले. म्हणून तो हात बांधला. निळ्या चौकटीची पट्टी, शर्टाच्या उरलेल्या कापडाची. रोज, तीन वर्षं. तुला वाटत असेल आईला आपली लाज वाटायची. लाज नव्हती गं. वेडेपणा होता.

आणि चाळीस वर्षं घालणाऱ्याची बाजू पढवणारी मी, देव समोर तोंड करून बसलाय म्हटल्यावर त्याची उजवी ती माझी डावी, एवढंही मला कळू नये? त्याच्या बाजूला उभं राहायला तू अगदी बरोबर जागी होतीस.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "आजी, ती मेंढरं हातावरून ओळखली नव्हती. भुकेल्याला कुणी वाढलं त्यावरून ओळखली. कुठल्या हाताने वाढलं, ते तिथे लिहिलेलंच नाही." मग त्यांनी मला शास्त्रातून एक डावरा न्यायाधीश दाखवला, देवानेच लोकांना सोडवायला उठवलेला. आणि डावखुरे गोफणवाले सातशे, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. सातशे! आणि माशाच्या पोटातून आलेल्या त्या रुसक्या संदेष्ट्याला देव शेवटी काय म्हणतो, तर ज्यांना आपला उजवा-डावा हातही कळत नाही अशांची मला कीव येते. मी म्हटलं, साहेब, हे माझ्याबद्दलच आहे. पन्नास वर्षं शास्त्र वाचतेय आणि ही पानं माझ्या बोटाखालून निसटलीच कशी?

तू ये असं मी म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

तुझी आई


मंगळवार, ८ तारीख

चिमणे,

आज पत्र छोटं लिहिणार आहे, कारण आज हात बांधलेला होता.

तो भलता व्यायाम सांगते. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "आजी, डावा हात फार हुशार झालाय, सगळं तोच करतो. उजव्यात अजून थोडा जीव आहे, पण तो आळशी. रोज एक तास डावा बांधायचा, म्हणजे उजव्याला हलावंच लागेल." मी तीन आठवडे टाळलं. नाकाने कांदे सोलणारी मी, पण हे नाव काढलं की मी इकडचं तिकडचं बोलायची. त्यांना काय माहीत!

आज मीच म्हटलं, बांधा. ट्रंकेतून पट्टी काढून दिली. हो, तीच. मी टाकली नव्हती. शास्त्रात खूण म्हणून ठेवली होती, नंतर तिथूनही काढून ट्रंकेत.

डावा हात खुर्चीला बांधला. समोर कप. चिमणे, एक तास म्हणजे किती मोठा असतो! नाक खाजलं तर खाजवता येईना. कप समोर आणि मी तहानलेली. बोलायला गेले तर शब्दही अडखळले. काय संबंध हाताचा आणि जिभेचा, पण अडखळले. तू पहिलीत असताना अडखळायला लागलीस, आणि मी म्हटलं होतं, नखरे करते. माझं वय पंच्याहत्तर आणि मी एका तासात रडकुंडीला आले. तू एवढीशी होतीस, आणि तुझा तास संध्याकाळी संपायचा.

तुझे बाबा मी पाण्याला गेले की पट्टी सोडायचे आणि माझा आवाज आला की परत बांधायचे. त्यांच्या गाठीवरून मला कळायचं, त्यांची गाठ सैल असायची. मी कळून न कळल्यासारखं केलं. तेवढा एक शहाणपणा मी केला.

आणि मग तो दिवस, देवळातल्या नोंदवहीचा. तुझं लग्न, तू लिहायला वाकलीस, पेन डाव्या हातात. तीन वर्षं बांधून शिकवलेलं शाळेपुरतं उरलं होतं, खऱ्या सहीला तुझा खरा हात आला. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, त्या हाताने नको गं डावरे! तू पेन खाली ठेवलंस. ते अजून दिसतं मला, किती हळू ठेवलंस. मग तुम्ही दोघं निघून गेलात आणि दुसरीकडे जाऊन लग्न केलंत. लेक उजवायला निघाले होते मी, आणि तिलाच डावलली. बघ, शब्द सुद्धा माझ्यावर हसतात.

चुकले मी. देवाला तर सांगितलंच, पण तो लवकर माफ करतो, त्याच्या माफीवर निभावून न्यायचं नाही, ज्याचा हात बांधला त्याला सांगायचं, असं मला आता वाटतं.

पट्टी सोबत ठेवली आहे. जाळ, फाड, भांडं पूस, तुझी मर्जी.

हे पण सांगते, नाहीतर म्हणशील आई रडतच बसली. तास संपायला चार मिनिटं असताना उजव्याचा अंगठा हलला! कपाला लागला! व्यायामाच्या बाईंनी टाळी वाजवली आणि इस्त्रीवाली जिन्यावरून ओरडली, "काय झालं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, जावई उठून बसले!

तुझी डावरी आई
(आता ही शिवी नाही. सातशे जण आहेत आमच्यात.)


शनिवार, १९ तारीख

चिमणे,

सकाळी दोघं आले. तुझ्या नवऱ्याने आल्या आल्या खुर्चीवर चढून माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. "तिने सांगितलंय," म्हणाला. मी म्हटलं, कोणी? तर काच पुसत बसला.

मुंगीने पिशवीतून एक गुंडाळी काढली. "आईने दिलंय. तुझ्या झोपाळू हातासाठी."

पेन्सिल. आणि तिच्याभोवती माझी निळ्या चौकटीची पट्टी. वळसा इतका सारखा, इतका घट्ट, की कुठून सुरू झाली ते सापडेना, आणि टोकाला एक छोटं बटण, त्यात बसणारं एक काज. काज मी उलटं-सुलटं करून बघितलं. चाळीस वर्षांचा डोळा आहे माझा. टाके डाव्या हाताचे. आणि उंदराने खाल्लेलं नाही, बाई. माझ्याहून उजवं आहे. तू कधी शिकलीस? मी तुला कधी शिकवलं नाही. हात बांधलेली माझ्याजवळ बसून नुसती बघत होतीस, तेव्हा शिकलीस का?

मुंगी म्हणाली, "आई म्हणाली, बारीक पेन्सिल पकडता येत नाही, जाड पकडता येते. स्क्रूड्रायव्हरला पण ती असंच गुंडाळते."

मी उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि त्यात ती पेन्सिल बसवली. धरली! बोटं मिटली तिच्यावर. ज्या पट्टीने मी तुझा चांगला हात बांधला, तिने तू माझा वाईट हात उभा केलास. आता यावर मी काय बोलणार? माझं तोंड शाबूत आहे असं मोठ्या तोंडाने लिहिलं होतं ना, तर पाच मिनिटं ते बंद होतं. इस्त्रीवाली दारात उभी होती, ती घाबरली. "मावशी, परत झटका आला काय?" हो म्हटलं, आला, पण हा चांगला.

मग मुंगीने तिच्या डाव्या हाताने माझा उजवा हात धरला आणि आम्ही दोघींनी लिहिलं. ते खाली सहीच्या जागी आहे. वाकडं आहे, पण उजव्याचं आहे. व्यायामाच्या बाई म्हणतात, काजं काही याने पुन्हा व्हायची नाहीत. नसू देत, काजांना डावा आहे. पाळकसाहेब झगा बदलून देऊ म्हटलं तरी देत नाहीत, म्हणतात बटण लावायला बायको लागते, बरं आहे. मास्तरांनी आता पाटी लावायची ठरवलीय, बायकांच्या कोटांची काजं खास आमच्याकडे.

निघताना तुझ्या नवऱ्याला विचारलं, परत कधी? तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी, आई. सव्वीसला. सकाळच्या बसने."

मी कप मोजायला म्हणून विचारलं, नाहीतर मी विचारलं नसतं, तू मला ओळखतेस. "मग दोघं ना?"

तो मुंगीकडे बघायला लागला. मुंगी दारात होती. तिने हात वर केला, डावा, आणि हळूहळू, तिच्या सवयीप्रमाणे, एक बोट उघडलं. मग दुसरं.

मग तिसरं.

शनिवार, सव्वीस तारीख. सकाळची बस.

आई